माणूस शोधण्याआधी काम लिहून काढा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: तीन वर्षांपूर्वी सुरू केलेल्या व्यवसायात सध्या ७ जण काम करतात, काम वाढल्यामुळे आणखी ४ जण घ्यायचे आहेत, परंतु मागच्या वर्षी घेतलेल्या तिघांपैकी दोघे सहा महिनेही टिकले नाहीत. त्यामुळे योग्य माणूस ओळखावा कसा, अनुभवाला महत्त्व द्यावे की वृत्तीला, आणि ओळखीतल्या माणसांना घ्यावे की नाही, असे आपण विचारले आहे. लहान आणि मध्यम उद्योगांसाठी माणसे निवडण्याचे काम मी २२ वर्षे करते आहे. या काळात मला जे दिसले, त्यावरून उत्तर देते.

निवड फसली की दोष उमेदवाराला दिला जातो. तो आळशी निघाला, त्याला जबाबदारी घेता आली नाही, तो आपल्यात मिसळला नाही, असे म्हटले जाते. अशा फसलेल्या निवडींच्या मुळाशी जाण्याचा प्रयत्न मी जेव्हा जेव्हा केला, तेव्हा बहुतेक वेळा एकच गोष्ट हाती लागली. त्या माणसाने नेमके काय करायचे, हे त्याला घेणाऱ्यानेच पुरते ठरवलेले नव्हते. म्हणून आपल्या दोन फसलेल्या निवडींबद्दल माझा पहिला प्रश्न असा आहे की, त्या दोघांना घेण्यापूर्वी त्यांच्या कामाबद्दल आपण कागदावर काही लिहिले होते का?

एक उदाहरण सांगते. एका उद्योजकाने माझ्याकडे अनुभवी हिशेबनीस मागितला होता. हातात पैसा राहत नाही, म्हणजे हिशेब नीट ठेवला जात नाही, असा त्यांचा समज होता. मीही त्या मागणीची अधिक चौकशी न करता एक अत्यंत काटेकोर, शांत स्वभावाचा हिशेबनीस त्यांना मिळवून दिला. प्रत्यक्षात त्यांचे हिशेब आधीही ठीकच होते. अडचण अशी होती की बिले ग्राहकांकडे उशिरा जात आणि गेल्यावर पैशांसाठी कोणीही पाठपुरावा करत नसे. त्या कामाला हवा होता तो न चिडता, न लाजता, आठवड्यातून तीनदा फोन करून वसुली करणारा माणूस. आम्ही निवडलेल्या माणसाला पैशांसाठी फोन करण्याच्या कल्पनेनेच संकोच वाटे. पाच महिन्यांनी तो गेला आणि दोन्ही बाजूंच्या मनात कडवटपणा राहिला. चूक त्याची नव्हती. मागणी ऐकताच शोधाला लागणे ही माझी चूक होती, आणि तेव्हापासून मागणी करणाऱ्याबरोबर किमान दोन तास बसल्याशिवाय मी शोध सुरू करत नाही.

म्हणून आपल्या चारही जागांसाठी प्रत्येकी एक पान लिहावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. ‘मेहनती, प्रामाणिक, सर्वांशी जुळवून घेणारा’ असे शब्द त्या पानावर नकोत, कारण ते प्रत्येक जाहिरातीत असतात आणि त्यांवरून कोणालाही नाकारता येत नाही. त्याऐवजी, हा माणूस येऊन एक वर्ष झाले तेव्हा कोणत्या तीन-चार गोष्टी झालेल्या असल्या म्हणजे त्याला घेतल्याचे आपल्याला समाधान वाटेल, हे लिहावे. कोणते निर्णय तो आपल्याला न विचारता घेईल, रोज कोणाकोणाशी त्याचा संबंध येईल आणि कामाचा सर्वांत कंटाळवाणा भाग कोणता, हेही त्यात असावे. या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर लिहायला लोक टाळाटाळ करतात, पण माणूस टिकेल की नाही हे पुष्कळदा त्याच उत्तरावर ठरते. एखाद्याला कामाचा उत्तम भाग किती आवडतो यापेक्षा त्यातला नीरस भाग तो किती काळ मन लावून करू शकतो, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

हे पान लिहून झाले की त्या कामाला लागणारे पाच-सहा गुण आपोआप समोर येतात. त्यांतले तीन महिन्यांत शिकवता येण्यासारखे कोणते आणि शिकवता न येण्यासारखे कोणते, अशी त्यांची विभागणी करावी. अनुभव की वृत्ती, या आपल्या प्रश्नाचे उत्तर येथेच मिळते. शिकवायला आपल्याकडे माणूस आणि वेळ असेल तर अनुभवाचा आग्रह सोडावा आणि शिकवता न येणाऱ्या गुणांवर नजर ठेवावी. शब्दाला पक्के असणे, बारकाव्यांकडे लक्ष असणे, चुकल्यावर ती गोष्ट आपणहून सांगणे, हे ते गुण. मात्र ज्या कामात पहिल्याच महिन्यातली चूक परवडणारी नाही आणि ते काम आपल्या सध्याच्या सात जणांपैकी कोणालाही येत नाही, तेथे अनुभवच घ्यावा लागतो. चारही जागांना एकच नियम लावू नये.

अनुभवाविषयी आणखी थोडे सांगायला हवे, कारण त्याची फार ढोबळ मोजणी होते. १९९८ साली फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर या दोन मानसशास्त्रज्ञांनी माणसे निवडण्याच्या १९ पद्धतींवरील ८५ वर्षांच्या संशोधनाचा एकत्र आढावा घेतला. कोणत्या पद्धतीवरून उमेदवाराच्या पुढच्या कामगिरीचा अंदाज किती बरोबर येतो, हे त्यांनी पाहिले. प्रत्यक्ष कामाचा नमुना करून घेणे आणि आखून घेतलेली मुलाखत (म्हणजे सर्व उमेदवारांना आधी ठरवलेले तेच प्रश्न विचारणे) या पद्धती त्यात वरच्या क्रमांकांवर होत्या, तर अनुभवाची निव्वळ वर्षे बरीच खाली होती. २०२२ साली पॉल सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेच आकडे नव्या पद्धतीने तपासले. बहुतेक पद्धतींचा प्रभाव आधी मानला होता त्यापेक्षा कमी निघाला, परंतु आखलेली मुलाखत सर्वांत वर आली आणि अनुभवाची वर्षे जवळजवळ तळाशीच राहिली. दहा वर्षे काम केलेल्या माणसाने दहा वर्षांत नवे काही शिकले असेल, किंवा पहिल्या वर्षाचेच काम दहा वेळा केले असेल. बायोडेटात दोन्ही सारखेच दिसते. त्यामुळे ‘किती वर्षे’ या प्रश्नापाठोपाठ ‘त्या वर्षांत कोणती कामे तुमच्यावर सोपवली गेली आणि ती कशी वाढत गेली’ असे विचारावे.

मोठ्या, नावाजलेल्या कंपनीतून आलेल्या उमेदवाराबाबत तर अधिकच सावध राहावे. बोरिस ग्रॉयसबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील हजारांहून अधिक नामांकित समभाग विश्लेषकांची, म्हणजे कंपन्यांच्या शेअर्सचा अभ्यास करून सल्ला देणाऱ्यांची, कामगिरी अभ्यासली. कंपनी बदलल्यावर यांतल्या अनेकांची कामगिरी घसरली, मात्र जे आपल्या सहकाऱ्यांसह नव्या ठिकाणी गेले त्यांना ही घसरण फारशी जाणवली नाही. मोठ्या कंपनीतल्या यशात तेथील व्यवस्था, हाताखालची माणसे, तयार माहिती आणि कंपनीच्या नावाचा दबदबा यांचा वाटा असतो, आणि तो वाटा उमेदवाराबरोबर आपल्याकडे येत नाही. अशा उमेदवाराला मी नेहमी विचारते की, मदतीला कोणी नसताना, पहिल्यापासून, तुम्ही स्वतः उभे केलेले एखादे काम सांगा. काहींकडे याचे फार छान उत्तर असते आणि त्यांना जरूर घ्यावे.

आता मुलाखतीकडे येते. आपण लिहिले आहे की उमेदवाराशी अर्धा-पाऊण तास गप्पा मारून आपण त्याचा अंदाज घेता. बहुतेक सर्व उद्योजक हेच करतात आणि माणूस ओळखण्याच्या स्वतःच्या क्षमतेवर त्यांचा दृढ विश्वास असतो. गप्पांमधून आपल्याला कळते ते एवढेच की या माणसाशी गप्पा मारणे सुखद आहे किंवा नाही. एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० साली सैन्यातील अधिकाऱ्यांनी आपल्या हाताखालच्या लोकांना दिलेले गुण तपासले. तेव्हा असे दिसले की शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व, चारित्र्य या परस्परांपासून वेगळ्या गोष्टींचे गुणही विलक्षण एकसारखे पडले होते. एका बाबतीत माणूस आवडला की बाकीच्या बाबतींतही तो चांगलाच वाटू लागतो. चांगले बोलणारा उमेदवार आपल्याला हुशार, विश्वासू आणि कष्टाळूही वाटतो, त्याचे कारण हेच.

यावरचा उपाय जुना आहे आणि त्याला खर्च काहीच नाही. पुढे अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणारे डॅनियल काहनेमन १९५५ साली अवघे २१ वर्षांचे असताना इस्रायली सैन्यात होते. नव्या सैनिकांच्या मुलाखतीची पद्धत बसवण्याचे काम तेव्हा त्यांच्याकडे आले. त्याआधी मुलाखत घेणारे मोकळ्या गप्पा मारून आपले मत बनवत आणि त्या मताचा पुढे काही उपयोग होत नव्हता. काहनेमन यांनी सहा गुण ठरवले. प्रत्येक गुणासाठी उमेदवाराच्या मागील आयुष्यातल्या प्रत्यक्ष घटनांवरचे प्रश्न आखले आणि एका गुणाला १ ते ५ मध्ये आकडा दिल्याशिवाय पुढच्या गुणाकडे जायचे नाही, असा दंडक घातला. आपल्या समजुतीला वावच उरला नाही, अशी मुलाखत घेणाऱ्यांची तक्रार झाली. तेव्हा त्यांनी आणखी एक भर घातली. सर्व आकडे लिहून झाल्यावर डोळे मिटा, हा माणूस सैनिक म्हणून कसा असेल ते डोळ्यांसमोर आणा आणि मग एक आकडा द्या. पुढे पडताळणी केली तेव्हा नवी पद्धत जुनीपेक्षा खूपच सरस ठरली, आणि शेवटी डोळे मिटून दिलेला आकडाही सहा गुणांच्या बेरजेइतकाच उपयोगी निघाला. मला या घटनेतला हा शेवटचा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. आपल्या अंतर्मनाचा कौल निरुपयोगी नसतो. मात्र तो सर्व गोष्टी एकेक करून पाहून झाल्यावर घ्यावा लागतो, उमेदवार दारातून आत येताच घेतलेला चालत नाही.

आपल्यासाठी हे असे करता येईल. पानावरून निघालेल्या पाच-सहा गुणांसाठी प्रत्येकी दोन प्रश्न आधीच लिहून ठेवावेत आणि एका जागेच्या सर्व उमेदवारांना तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारावेत. प्रश्न घडलेल्या गोष्टींबद्दल असावेत. ‘ग्राहक चिडला तर तुम्ही काय कराल’ असे विचारले तर पाठ केलेले उत्तर येते. ‘एखादा ग्राहक तुमच्यावर खरोखर चिडला होता तो प्रसंग सांगा, त्याचे म्हणणे काय होते, तुम्ही काय केले, शेवटी काय झाले’ असे विचारले की माणूस आठवू लागतो, आणि आठवताना तपशील येतात. तपशील आले नाहीत तर आणखी दोनदा विचारावे. तरीही ‘आम्ही सर्वांनी मिळून ते सोडवले’ असेच उत्तर येत राहिले, तर त्यात स्वतः त्याचा वाटा कोणता होता, हे स्पष्टपणे विचारण्यात संकोच बाळगू नये. शक्य असेल तर आपल्या सध्याच्या सहकाऱ्यांपैकी एकाला बरोबर बसवावे, आणि दोघांनी आपापले आकडे लिहून झाल्याशिवाय एकमेकांशी त्या उमेदवाराबद्दल एक शब्दही बोलू नये. मालकाने आधी मत सांगितले की दुसऱ्याचे मत तेथेच संपते.

चुकांबद्दलचा प्रश्न मी कधीही वगळत नाही. ‘तुमच्या हातून झालेली, इतरांना त्रास देऊन गेलेली एक चूक सांगा’ असे मी विचारते आणि मग पुरेसा वेळ देते. जो माणूस चूक सांगतो, ती कोणाला केव्हा सांगितली ते सांगतो आणि त्यानंतर आपल्या कामाच्या पद्धतीत काय बदलले तेही सांगतो, त्याच्यावर मी विश्वास टाकते. एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतील गटांचा अभ्यास केला तेव्हा अधिक चांगल्या गटांमध्ये चुकांची नोंद अधिक आढळली. त्या गटांत चुका अधिक होत होत्या, असा त्याचा अर्थ नव्हता. तेथे लोक चुकांबद्दल मोकळेपणाने बोलत होते. ७ जणांच्या व्यवसायात दडवलेली एक चूक सर्वांना पुरते. म्हणून हा गुण मी कौशल्याच्या बरोबरीने मोजते.

मुलाखतीनंतर शेवटच्या दोघा-तिघांकडून कामाचा नमुना करून घ्यावा. बिले आणि वसुलीसाठी माणूस हवा असेल तर नावे बदललेली थकबाकीची यादी देऊन, पहिले कोणाला आणि काय लिहाल, ते लिहून द्यायला सांगावे. गोदाम सांभाळणारा हवा असेल तर मुद्दाम चार चुका असलेली मालाची नोंद तपासायला द्यावी. नमुना दोन-तीन तासांत होणारा असावा. त्याहून मोठे काम करून घ्यायचे असेल तर त्याचे पैसे द्यावेत आणि ते काम पुढे आपल्या व्यवसायात फुकट वापरू नये. उमेदवाराच्या वेळेचा मान राखला की आपल्याविषयीही त्याचे मत बनत असते. चांगली माणसे आपली निवड करत असतात, हे आपण फार लवकर विसरतो.

पूर्वीच्या वरिष्ठांकडे चौकशी करताना ‘माणूस कसा आहे’ असे विचारले तर ‘चांगला आहे’ एवढेच उत्तर मिळते. त्याऐवजी, ‘त्याला आमच्याकडे अमुक काम द्यायचे आहे, त्याच्याकडून उत्तम काम व्हावे यासाठी आम्ही त्याला कोणती मदत करावी’ असे विचारावे. या प्रश्नाला लोक सहसा खरे बोलतात, कारण त्यात कोणाची निंदा करावी लागत नाही. उमेदवाराची परवानगी मात्र आधी घ्यावी, विशेषतः तो अजून तेथेच नोकरीत असेल तर.

ओळखीतल्या माणसांबद्दल माझे मत स्पष्ट आहे. ओळखीमुळे माणूस समोर येणे चांगले, ओळखीमुळे त्याची निवड होणे वाईट. नातेवाईक असो वा जुना मित्र, त्याला तेच पान, तेच प्रश्न आणि तोच नमुना द्यावा, आणि आकडे देण्याचे काम शक्यतो दुसऱ्याकडे सोपवावे. काम सुरू होण्याआधी स्वतःला एक गोष्ट विचारावी: याला काढावे लागले तर मी काढू शकेन का? उत्तर ‘नाही’ असेल तर त्याला घेऊ नये, कारण आपल्याला ते जमणार नाही हे बाकीच्या सात जणांना आपल्याआधी कळलेले असते.

चार माणसे एकेकटी कितीही चांगली असली तरी त्यांची टीम चांगली होईलच असे नाही. ब्रिटिश संशोधक मेरेडिथ बेलबिन यांनी १९७०च्या दशकात हेन्लीच्या व्यवस्थापन महाविद्यालयात व्यवसायाच्या खेळांमधून गटांचे निरीक्षण केले. केवळ अतिशय बुद्धिमान लोकांचे गट तेथे बहुधा मागे पडत, कारण त्यांचा वेळ एकमेकांचे म्हणणे खोडण्यात जाई आणि साधी, आवश्यक कामे करायला कोणी तयार नसे. २०१४ साली रॉडरिक स्वाब आणि सहकाऱ्यांनी खेळांच्या संघांमध्ये हेच तपासले. फुटबॉल आणि बास्केटबॉलमध्ये फार जास्त अव्वल खेळाडू झाले की एका मर्यादेनंतर संघाची कामगिरी खालावत होती, परंतु बेसबॉलमध्ये, जेथे खेळाडूंचे परस्परावलंबन कमी असते, तसे दिसले नाही. आपल्या व्यवसायात एकाचे काम दुसऱ्यावर किती अवलंबून आहे, हे यावरून पाहावे. स्वतंत्रपणे फिरून विक्री करणारे तिघे तेजतर्रार असले तरी चालते. एकाच ऑर्डरवर एकामागून एक हात लावणारे तिघे तसेच असले तर ऑर्डर अडकते.

म्हणून चार जणांचा विचार सुटा सुटा करू नये. सध्याच्या सात जणांची नावे लिहून, प्रत्येकापुढे तो कोणते काम आनंदाने करतो आणि कोणते टाळतो, ते लिहावे. स्वतःचे नावही त्या यादीत घालावे. सर्वजण टाळतात असे जे काम निघेल, ती आपली पहिली जागा. बहुतेक व्यवसायांत हे काम नोंदी ठेवण्याचे, पाठपुराव्याचे किंवा तपासणीचे असते. नवनव्या कल्पनांनी भरलेले उद्योजक मात्र स्वतःसारखाच आणखी एक कल्पक माणूस शोधतात, कारण त्याच्याशी बोलायला मजा येते. आपल्यासारखा माणूस आपल्याला लगेच आवडतो आणि म्हणूनच त्याच्या बाबतीत दुप्पट काळजी घ्यावी.

चौघांना एकाच महिन्यात घेऊ नये, असेही मला सुचवायचे आहे. ७ जणांमध्ये परस्परसंबंधांच्या जोड्या २१ होतात, ११ जणांमध्ये त्या ५५ होतात. माणसे दीडपटीहून थोडी अधिक होतात, पण कोणी कोणाला काय सांगायचे याचा पसारा अडीचपटीच्या पुढे जातो. नव्यांना शिकवण्याचा भार जुन्यांवर पडतो आणि काही महिने एकूण काम उलट मंदावते. आधी दोघे घ्यावेत, ते रुळू द्यावेत आणि मग उरलेल्या दोन जागांची पाने पुन्हा वाचावीत. कित्येकदा त्या जागांचे स्वरूप तोपर्यंत बदललेले असते.

निवड झाल्यावर ‘हो’ म्हणण्यापूर्वी उमेदवाराला कामाची खरी बाजू दाखवावी. गर्दीच्या दिवसांत उशीर होतो, पहिले सहा महिने ठरलेली पद्धत फारशी नसेल, मालक अधूनमधून अधीर होतो, असे जे खरे असेल ते सांगावे आणि एखादा दिवस सहकाऱ्यांबरोबर बसू द्यावे. हे ऐकून एखादा मागे फिरला तर त्याने दोघांचेही सहा महिने वाचवले. मागच्या वर्षीच्या दोघांपैकी जो आपणहून गेला, त्याला आत येण्याआधी काय सांगितले होते, हे शक्य असल्यास त्यालाच विचारून पाहावे. राग निवळल्यावर लोक प्रामाणिकपणे सांगतात आणि त्या अर्ध्या तासातून आपल्याला पुष्कळ काही कळेल.

प्रोबेशनचा काळ कागदापुरता ठेवू नये. त्या एका पानावरून ३०, ६० आणि ९० दिवसांनंतर काय दिसायला हवे, ते पहिल्याच दिवशी नव्या माणसाच्या हाती द्यावे आणि त्या त्या दिवशी अर्धा तास समोरासमोर बसावे. ३० व्या दिवशी काही खटकत असेल तर त्याच दिवशी, स्पष्ट शब्दांत, एकांतात सांगावे. सुधारणा दिसली तर मदत वाढवावी. ६० व्या दिवशीही तीच गोष्ट तशीच असेल आणि आपल्याकडून शिकवण्यात कसर राहिलेली नसेल, तर ९० दिवस संपण्याची वाट पाहत गप्प बसणे हा त्या माणसावर अन्याय आहे. त्याला कारण सांगावे, ठरलेले सर्व पैसे वेळेवर द्यावेत आणि ज्या कामात तो चांगला वाटला त्याची शिफारस करण्याची तयारी दाखवावी. आपण त्याला कसे निरोप देतो, हे उरलेले सर्वजण पाहत असतात.

मागच्या वर्षीचा तिसरा माणूस टिकला, असे आपण ओघात लिहिले आहे आणि त्याविषयी पुढे काहीच सांगितलेले नाही. या आठवड्यात त्याच्याबरोबर बसावे. तो कोणत्या कारणाने आला, पहिल्या महिन्यात त्याला कोणी मदत केली, कोणत्या क्षणी सोडून जावेसे वाटले आणि तरी तो का राहिला, हे विचारावे. चारपैकी पहिले पान त्याच्याच मदतीने लिहायला घ्यावे.